गच्चीवरचा टॉवेल

फिटरनं उभी हयात दुसऱ्यांच्या गच्च्यांवर सोलर बसवण्यात घालवली; घरात मात्र त्याच्या कामाला काडीची किंमत नव्हती. वाटणीत आलेल्या अर्ध्या गच्चीवर त्यानं स्वतःचं पॅनेल बसवलं, तेव्हा थोरल्या भावानं पहिल्यांदाच खोदून खोदून विचारलं. फिटर हरखला. ऊन पडलं की काचेखालच्या चकत्यांमधले सूक्ष्म कण सुटून धावतात, तीच वीज. चकत्या एकीला एक जोडलेल्या, म्हणून एकीवर सावली आली तरी सगळी ओळ ढेपाळते, हे त्यानं बोट ठेवून दाखवलं.

“एवढीशी सावली पुरते?” दादानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्या विजेवर चालणारा पंखा रखडायला लागला. फिटर धावत वर गेला. दादा पॅनेलवरून ताणलेल्या नव्या दोरीवर टॉवेल वाळत घालत होता. टॉवेल कोरडा ठणठणीत होता.