मीटरवाल्याची गाडी

मिस्त्रीच्या गॅरेजातल्या टेबलाला तीनच पाय होते. चौथ्याच्या जागी एक जुना पिस्टन उभा केलेला, तोही बारा वर्षांपूर्वी. बायकोनं हटकलं की म्हणायचा, "दिव्याखाली अंधार असायचाच." सोळाव्या वर्षी मामाच्या हाताखाली पाना धरलेला हा माणूस, आता पन्नाशीला टेकला होता. हात सोन्याचा, जीभ तिखट, आणि खोड एकच: वेळ मारून न्यायची. गाडी दारातून चालत बाहेर पडली ना, मग झालं.

त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक मीटरवाला होता. दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचायचे, आकडा लिहायचा, पुढच्या दारात जायचं. दिवसभर मोटरसायकल पहिल्या गिअरात. एका सकाळी तो गाडी ढकलतच आला.

"मिस्त्री, जोरात सोडली की वाघ आहे. हळू केली की मांजर. आणि वळणावर तर मेलेलं मांजर."

"प्लग बदललात?"

"गेल्याच आठवड्यात."

मिस्त्रीनं कार्बोरेटर उतरवला. हळू चालताना ज्या बारीक जेटमधून पेट्रोल येतं त्याचं भोक केसाएवढं, त्यात गाळ बसला होता. हवा मारून ते साफ केलं, मिक्श्चरचा स्क्रू पुन्हा लावला. तरी इंजिन एका जागी उभं राहीना. चढायचं, उतरायचं, एक उचकी द्यायचं आणि बंद. मग त्यानं कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरावर स्प्रे मारला. इंजिनाचा आवाज एकदम पालटला.

"सापडला चोर," मिस्त्री म्हणाला. "रबराला चीर गेलीय. तिथून जास्तीची हवा आत घुसतेय. जोरात असताना इंजिन भरपूर खातं, तेव्हा एवढीशी चोरी कळत नाही. हळू झालं की घासच लहान. त्यात नुसती हवा गेली की उपाशी मरतं."

"मग बदला की."

"रबर मागवावं लागेल. गाडी ठेवून जा, गुरुवारी देतो."

"ठेवून कसं चालेल? उद्यापासून मीटर वाचायला नवा भाग मिळालाय. पायी फिरू?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. चिरेवर रबराचं सोल्यूशन फासलं, वरून घट्ट पट्टी गुंडाळली, आणि गाडी बंद पडू नये म्हणून आयडलचा स्क्रू थोडा आवळून रेस वाढवून ठेवली. इंजिन मोठ्यानं का होईना, पण चालत राहिलं.

"हे दोन दिवसांचं काम आहे हं. गुरुवारी या."

"येतो की," म्हणून मीटरवाला हसत गेला.

रबर गुरुवारी आलं. मीटरवाला आला नाही. मिस्त्रीनं ते टेबलाच्या खणात टाकलं. फोनमध्ये नंबर होता. पण गरज त्याला आहे, येईल झक मारत, असं त्याला वाटलं. मधे दोनदा मीटरवाला समोरून गेला. त्यानं हात केला, मिस्त्रीनंही केला. चालतंय ना, मग चालू दे.

बाराव्या दिवशी मोठ्या चौकात वळताना मीटरवाल्याची गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून ट्रक येत होता. त्याची धडक बसली. संध्याकाळी मीटरवाला दवाखान्यातच वारला. ट्रकवाला म्हणाला, न बघता मध्ये आला. बघणारेही तेच म्हणाले.

मिस्त्रीला चहाच्या टपरीवर कळलं. हातातला कप तसाच ठेवून तो गॅरेजात आला आणि एका स्कूटरचं चाक उगीचच पुन्हा खोललं. तो अंत्ययात्रेला गेला नाही. घरीही ब्र काढला नाही.

तीन महिन्यांनी एक टेम्पो दारात थांबला. त्यातून ती गाडी उतरली, आणि मीटरवाल्याची बायको.

"विकायची आहे," ती म्हणाली. "चालू तेवढी करून द्या. ते नेहमी तुमचंच नाव घ्यायचे."

ती गेल्यावर त्यानं टाकी उचलली. चीर आता बोटभर फाकली होती. पट्टी सुटून लोंबत होती. खणातलं रबर बसवायला दहा मिनिटं पुरली. गाडी एका किकमध्ये सुरू झाली आणि संथ, सारखी चालू राहिली. जुनं रबर भंगारात टाकलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानं दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मीटरवाल्याच्या बायकोला सांगू का? वहिनींना?"

बायकोनं डबा टेबलावर ठेवला. "हे मला नका विचारू. मी हो म्हटलं काय, नको म्हटलं काय, अर्धं ओझं माझ्या डोक्यावर येणार. तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. त्यानं जुनं रबर त्यांच्यापुढे ठेवलं आणि पट्टीपासून खणापर्यंत सगळं सांगितलं. गुरुवारी यायला सांगितलं होतं, ते आले नाहीत, हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "त्यांनी आंधळेपणानं वळण घेतलं नव्हतं?"

"गाडी बंद पडली, वहिनी. माझ्या हलगर्जीपणानं."

"तीन महिने मी त्या माणसावर चिडून आहे. फोटोकडे बघत नाही. आणि तुम्हाला हे ठाऊक होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "चला घरी. माझ्या सासऱ्यांना सांगा. ते रोज पोराला शिव्या घालतात."

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. म्हातारे खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, कानानं अधू.

"काय म्हणतोय हा?"

मिस्त्रीनं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यांनी कानाशी हात नेला. तिसऱ्यांदा त्याला ओरडावं लागलं, "गाडीतला दोष मला माहीत होता, बाबा! मी तसाच सोडला!" शेजारची दारं उघडली. कुणीतरी जिन्यात थांबलं.

"नवीन का नाही टाकलंस?"

"आलं होतं. खणात होतं. मी फोन केला नाही."

"तुझं गॅरेज किती लांब इथून?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं," म्हातारे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. वहिनींनी दार उघडून धरलं.

जिन्यातली गोष्ट आठवडाभरात बाजारात पोचली. गिऱ्हाइकं निम्म्यावर आली. पलीकडच्या गल्लीतला गॅरेजवाला म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास, मूर्खा." आता मिस्त्री अर्धवट दुरुस्तीची गाडी कुणाला नेऊ देत नाही, चावी खिशात घालतो. त्यापायी भांडणं होतात, उरलेल्यांतलेही काही जातात.

वहिनींनी गाडी दुसरीकडूनच विकली. रस्त्यात समोर आल्या तर त्या नजर चुकवत नाहीत, आणि बोलतही नाहीत. मिस्त्रीच बाजूला होऊन उभा राहतो, त्या पुढे जाईपर्यंत.