आग्नेसच्या बाह्या

गेल्या महिन्यात एका सकाळी मी कुकर लावत होते आणि रीटाचा फोन आला. रीटा म्हणजे आग्नेसची भाची. "सुलभामावशी, आग्नेसमावशी पहाटे गेली..." एवढं बोलून ती थांबली. मी गॅस बंद केला. मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "बायका तिला तयार करायला आल्यात. कपाटातले सगळे ड्रेस काढून बघितले, लांब बाह्यांचा एकही नाही. तिच्या हातावरचं ते कसं झाकायचं? सगळं गाव येईल." मी म्हटलं, "झाकू नकोस. तिचा निळा ड्रेस असेल, तोच घाल." तिला ते विचित्र वाटलं असणार, पण तिनं ऐकलं. मी वसईजवळच्या उमेळ्याला, आमच्या जुन्या गावी पोहोचले तेव्हा आग्नेस निळ्या ड्रेसमध्ये निजली होती, बोटांत रोझरी, आणि डाव्या कोपराखालून मनगटापर्यंत उतरलेला तो जाड, पांढरट वण सगळ्यांसमोर उघडा. तरुण मुली त्याच्याकडे बघून कुजबुजत होत्या. कुणाला वाटलं लहानपणी झाडावरून पडली असेल, कुणाला वाटलं ऑपरेशन. ज्यांना ठाऊक होतं ती वयस्क माणसं खाली बघत उभी होती. म्हणून हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. उमेळ्यात तेव्हा वाड्याच वाड्या होत्या, बिल्डिंगी यायच्या होत्या. आमचं घर आणि आग्नेसचं सासर यांच्यामध्ये एक बावखल होतं, म्हणजे वाडीला पाणी द्यायचं लहानसं तळं. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. बस्त्याव, तिचा नवरा, तिला मारायला लागला की पहिला आवाज भांड्यांचा यायचा, मग त्याचा. तिचा कधीच यायचा नाही. माझे बाबा शाळेत शिक्षक, ते अशा वेळी रेडिओ बंद करून गप्प बसायचे. दोनदा ते पलीकडे गेले होते. दुसऱ्या वेळी बस्त्यावनं त्यांची गचांडी धरून त्यांना बांधावरून खाली ढकललं आणि दात-ओठ खात सांगितलं, "मास्तर, तुमी शालेतल्या पोरांना शिकवा. माज्या घरात कोन काय बोलायचं नाय." माणूस तसा कामसू होता. त्याची केळीची वाडी बघायला वसईतल्या होळी बाजाराकडचे बागायतदार यायचे. केळीच्या पानाला धक्का लागला तर गड्यावर हात उगारायचा आणि कोंबाभोवतीची माती मात्र बोटांनी हलक्या हातानं सारखी करायचा.

आग्नेस आणि मी फोर्टमधल्या एकाच कंपनीत टायपिस्ट. तिचं टायपिंग ऐकायला छान वाटायचं, इतकं सलग. एका सोमवारी ती उजव्या हाताची बोटं फडक्यात गुंडाळून आली. बस्त्यावनं तिची बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. टायपिस्टचं काय दुखवायचं हे त्याला बरोबर समजलं होतं. तिची नोकरी त्याला हवीही होती आणि खुपतही होती. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यानं तिचे ऑफिसचे बूट चुलीत घातले होते. का, तर टाचा वाजतात म्हणून.

लग्नाआधी आग्नेस चर्चमध्ये गायची. तिचा आवाज थोडा जाडसर होता, पण तो सुरू झाला की पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. लग्नानंतर ते बंद झालं. आमच्या कंपनीचा वर्धापनदिन होता, एका शनिवारी अर्धा दिवस काम आणि संध्याकाळी जवळच्याच हॉलमध्ये कार्यक्रम. कुणीतरी साहेबांना सांगितलं की आग्नेस गाते, आणि तिचं नाव कार्यक्रमात घातलं गेलं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. दोन दिवसांनी डबा खाताना ती म्हणाली, "सुलू, मी गाणार. पण घरी सांगायचं नाही. ओव्हरटाइम म्हणेन." अडचण एकच होती, कपड्यांची. स्टेजवर उभं राहायचं तर रोजच्या विटक्या फ्रॉकमध्ये कसं, आणि दुसरा ड्रेस पिशवीतून न्यायचा तर बस्त्याव रोज सकाळी पिशवी उपसून बघायचा. म्हणजे एकच ड्रेस हवा होता. सकाळी दारातून बाहेर पडताना तो साधा, ऑफिसचा दिसायला हवा, आणि संध्याकाळी दिव्यांत खुलायला हवा. आज मुलींना असे ड्रेस सहज मिळतात, त्या हसत हसत निवडतात. आम्ही कापडाच्या दुकानात गेलो तेव्हा आग्नेस पुन्हा पुन्हा मागे वळून रस्त्याकडे बघत होती.

दुकानदारानं पुष्कळ तागे उलगडले. काळा तिनं नको म्हटला, त्यावरून सासू काहीतरी अशुभ बोलेल. फुलाफुलांचा नको, तो दारातच नजरेत भरला असता. शेवटी गडद निळं, जरा जड कापड निघालं. ते हातात घेऊन ती दुकानाच्या पायरीवर आली, उन्हात धरून बघितलं. अगदी सौम्य, शाळेतल्या बाईंना शोभेल असं. मग आत जाऊन बल्बखाली धरलं, तर त्याच्या घड्यांवर मंद चमक हलायला लागली. "हेच," ती म्हणाली. मी म्हटलं, "बाह्या अर्ध्या कर, मे महिना आहे." ती म्हणाली, "नाही, पुऱ्या. मनगटापर्यंत." मी तिच्याकडे बघितलं, तिनं नजर कापडावरच ठेवली.

ड्रेस आमच्या घरी, आईच्या मशीनवर शिवला. वरून पांढरी कॉलर, ती टिचबटणांनी लावायची. लावली की ऑफिस, काढली की खाली मोठा गळा आणि संध्याकाळ. कल्पना आग्नेसचीच. माप बघायला तिनं आमच्या आतल्या खोलीत अंगावरचा फ्रॉक उतरवला, आणि आईच्या हातातली टाचणी तशीच राहिली. दोन्ही दंडांवर बोटांचे हिरवे-काळे ठसे होते, आणि पाठीवर पट्ट्याच्या बकलाच्या खुणा, एकीवर एक. "हे काय गं?" आईनं विचारलं. "लोंगर उतरवताना अंगावर पडला," आग्नेस म्हणाली. आई म्हणाली, "केळीच्या घडाला बकल नसतं, बाय." आईनं बाही लावली आणि ती नेहमीपेक्षा बोटभर लांबच ठेवली.

त्या शनिवारी सकाळी मी तिला बोलवायला गेले. बस्त्याव दारातच उभा होता. त्यानं तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळून बघितलं. "नवा?" "ऑफिसात सगळ्यांनी निळा करायचा सांगितलाय," ती म्हणाली. त्यानं कॉलरवरून अंगठा फिरवला आणि तिला वाट दिली. मागे ओटीवर तिची सासू लाल लुगड्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी आग्नेसनं कॉलर काढली, गळ्यात मोत्यांची साधी माळ घातली आणि आमच्या वसईकडचं लग्नातलं जुनं गाणं गायली, नवरी घर सोडून जाते ते. फोर्टमधल्या त्या लोकांना निम्मे शब्द कळले नसतील. पण हॉल गप्प झाला. साहेबांच्या बायकोनं तिचा हात हातात घेऊन नुसता धरून ठेवला. आग्नेसचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला सांगता येत नाही... मी तो त्यापूर्वी बघितला नव्हता, एवढं खरं.

वसई रोडला उतरलो तेव्हा बस्त्याव पुलाच्या पायऱ्यांशी उभा होता. त्याला कुणी सांगितलं, की तो आपणच आला, ते कधी कळलं नाही. त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "कॉलर कुठाय?" आग्नेसचा हात गळ्याकडे गेला. कॉलर ऑफिसच्या खणात राहिली होती. टांग्यातून आम्ही तिघंही घरी आलो. त्या रात्री पाण्यावरून आवाज आला तो प्रथमच तिचा. बाबा आणि मी धावत गेलो, दार आतून बंद होतं. बाबांनी दारावर मुठी आपटल्या, बस्त्याव आतून शिव्या देत राहिला, आणि मग सगळं शांत झालं. आम्ही उजाडेपर्यंत त्यांच्या ओटीवर बसून होतो.

रविवार होता. चर्चमधली मिस्सा सुटून लोक रस्त्यानं परतत होते तेव्हा दार उघडलं आणि बस्त्याव निळा ड्रेस घेऊन अंगणात आला. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर त्यानं तो पसरला आणि कोयता घेतला. मागून आग्नेस आली, परकरावर, एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. तिनं ड्रेसची बाही पकडली. सोडेना. पहिला घाव कापडावर पडला, दुसरा तिच्या हातावर. चुकून पडला असं पुढं पुष्कळांनी म्हटलं. मी तिथं उभी होते. त्यानं बघून मारला. हात कोपरापासून खाली उघडला आणि रक्त ओंडक्यावरून मातीत वाहायला लागलं. कुंपणापलीकडे गाव थांबलं होतं, डोक्यावर ओढणी घेतलेल्या बायका, हातात प्रार्थनेची पुस्तकं असलेले पुरुष. एकही आत आला नाही. बाबांनी बस्त्यावला मागून मिठी मारली आणि त्या झटापटीत कोयता खाली पडला.

तो आग्नेसनं उचलला. डावा हात छातीशी धरून, उजव्या हातानं. बस्त्याव बाबांना झटकून मागे सरकला, मग वळून पळाला आणि बावखलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. ती त्याच्यामागे गेली नाही. ती वाडीत शिरली आणि तिनं पहिली केळ तोडली. केळीचा खांब मऊ असतो, एका घावात जातो. घडासकट झाड आडवं झालं. मग दुसरं, तिसरं. ती ओळीनं पुढं जात होती, अंगावर केळीचा चीक आणि रक्त, आणि प्रत्येक झाड पडताना ओल्या पोत्यासारखा धप्प आवाज यायचा. बस्त्याव पलीकडून ओरडत होता, "केळी नको गे... केळी नको." त्याचा आवाज रडका झाला होता. त्यानं तिच्यासाठी तसा आवाज कधी काढला नव्हता. आणि ओटीवरून त्याची आई, जिनं इतकी वर्षं मान वर केली नव्हती, ती शांतपणे बोलली, "काप, पोरी. मीच लावल्यात त्या. काप."

ओळ संपली तिथं आग्नेस कोसळली. बाबांनी आणि मी तिला टांग्यातून डॉक्टरांकडे नेलं. हात वाचला, पण करंगळी आणि शेजारचं बोट पुढं नीट वळलं नाही. ती आमच्याकडेच राहिली. आठवडा झाला असेल, गावातली चार मोठी माणसं आली. चहा झाल्यावर एकजण म्हणाले, "झालं ते झालं. पण एवढी बाग कापलीस ते बरं नाही केलंस." आग्नेस आतून उठून आली. हात गळ्यात बांधलेला. ती म्हणाली, "केळीच्या बुंध्यातून पुन्हा कोंब येईल, मामा. तुम्ही कुंपणाशी उभे होतात ना? माझा हात बघितलात ना?" ते उठले आणि चपला शोधायला लागले. नंतर पावसाळ्यात बस्त्यावनं आमच्या कौलांवर दगड टाकले. एका दगडानं बाबांच्या कपाळावर खोक पडली. बाबांनी टाके घालून घेतले, आणि दुसरीकडे कुठं जाणार का असं तिला त्यांनी किंवा आईनं एकदाही विचारलं नाही.

कामावर परत जायच्या आधी आग्नेसनं मला त्याच दुकानात नेलं. तेच निळं कापड. आईनं तोच ड्रेस पुन्हा शिवायला घेतला, कॉलर, टिचबटणं, सगळं तसंच. बाह्या जोडायची वेळ आली तेव्हा आग्नेसनं कात्री घेतली आणि त्या कोपरावरच कापल्या. आई म्हणाली, "अगं, वण दिसेल." "दिसू दे," ती म्हणाली. "आता मी कुणाचं झाकू?" ती तोच ड्रेस घालून ऑफिसला गेली. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं कळवळून विचारलं, ॲक्सिडेंट झाला का? तिनं कागद मशीनमध्ये सरकवत सांगितलं, "नवऱ्यानं कोयता मारला." आणि टाइप करायला लागली, आधीपेक्षा हळू. पुढं त्याच ड्रेसमध्ये, कॉलर काढून, ती लग्नांत गायली, बारशांत गायली. कापड विरलं की तसंच दुसरं शिवायची.

मग ऐंशीच्या दशकात कधीतरी कानावर आलं की बस्त्याव आता स्वतःच्या आईला मारतो. दारू वाढली होती, वाडी गेली होती. एका संध्याकाळी आग्नेस ऑफिसमधून तशीच तिकडे गेली, मी सोबत होते. तो दारात उभा होता, सुजलेला, पिवळा. म्हातारीच्या गालफडावर जखम होती आणि दात पडले होते. आग्नेस म्हणाली, "आय, चल." बस्त्यावनं चौकटीला हात लावून दार अडवलं. आग्नेस एक पाऊल पुढं झाली आणि त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. त्याचा हात हळूहळू खाली आला. म्हातारीनं लुगड्याचा पदर खोचला आणि बाहेर आली. त्यानंतर दोघी आग्नेसनं तोवर घेतलेल्या, स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधल्या खोलीत राहिल्या, सासू मरेपर्यंत. बस्त्याव त्याआधीच दारूनं गेला.

परवा त्या खोलीत आग्नेसची महिन्याची प्रार्थना झाली. लोक गेले, रीटा त्यांना पोहोचवायला खाली उतरली, आणि मी एकटीच राहिले. दाराला आतून तीन कड्या आहेत. बस्त्याव गेल्यावरही आग्नेस रोज संध्याकाळी तिन्ही लावायची. मी एकदा विचारलं होतं, आता कशाला? ती म्हणाली होती, "तो मेला हे डोक्याला कळतं गं. हाताला कळत नाही." मी सहज दार लोटलं आणि वरची कडी लावली, मग मधली. तिसरी इतकी खाली आहे की मला वाकावं लागलं. कड्या बसवणारा चुकला असं मी इतकी वर्षं समजत होते. वाकले तेव्हा लक्षात आलं... आग्नेस दिवसभर ऑफिसात असायची आणि म्हातारी शेवटी कमरेतून पार वाकली होती. ही कडी तिच्या हाताच्या उंचीला होती, घरात एकटी असताना लावून घ्यायला. कडीभोवतीचा रंग बोटांनी घासून पार गेला होता, खाली लाकूड दिसत होतं. बाहेरून रीटानं दार वाजवलं, "मावशी, लावून का घेतलंत?" मी तशीच वाकून उभी होते. मग ती कडी काढली.