क्लिफर्ड इंगलबीने पकडलेली घुसखोर

इंग्लंडातल्या थॉर्नबेक गावच्या निम्म्या लोकांना क्लिफर्ड इंगलबीने कधी ना कधी नापास केलं होतं. गाडी चालवण्याची परीक्षा घेणं हे त्याचं सरकारी काम. निवृत्तीनंतर काम सुटलं, पण खोड सुटली नाही. खाटीक मांस जाड कापतो, पाद्री प्रवचन लांबवतो, बायको म्युरियल चहा मुरू देत नाही: सगळे नापास. त्याच्या मते पास होण्याच्या लायकीचा माणूस गावात एकच होता, आणि तो रोज सकाळी त्याच्याच आरशात दाढी करायचा.

क्लिफर्डकडे घरबसल्या जगभर बोलायच्या हौशी रेडिओचा परवाना होता. रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला, बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेला. म्हणून सरकारने सीबी हा जवळपास बोलायचा साधा रेडिओ परीक्षेशिवाय सगळ्यांना खुला केला तेव्हा त्याला तो स्वतःचा अपमान वाटला. पोस्टात पैसे भरायचे आणि बोलायला लागायचं! ट्रकवाले, खानावळवाल्या, शाळेतली कार्टी, सगळे टोपणनावं घेऊन हवेत किलबिलू लागले. "माकडांच्या हातात भोंगे दिलेत," क्लिफर्ड म्हणायचा.

पाच-सहा वर्षांत ते वेड ओसरलं. रविवारी मैदानात लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून जुनंपानं विकायला बसत, तिथे चहाच्या किटल्यांशेजारी सीबीचे डबे पडू लागले. परवानावाल्या हौशी मंडळींनी ते उचलले. आतला लहरी ठरवणारा क्रिस्टल बदलायचा, चार-पाच पेच जरा फिरवायचे, की डबा सीबीच्या लहरींच्या पट्ट्यातून उठून त्यांच्या पट्ट्यात बसायचा. त्यांच्या क्लबात जो तो हेच करत होता. त्यात सगळ्यांत पुढे म्युरियलचा धाकटा भाऊ डेन्झिल, धंद्याने पाववाला.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात डेन्झिल तसल्या डब्यावरून थेट कॅनडातल्या एका दंतवैद्याशी बोलला आणि नाचतच बहिणीकडे आला.

"पीठ मळणाऱ्या हातांनी डाख लावतोस," क्लिफर्ड म्हणाला, "आणि त्यातून कॅनडा बोलतं? कुणीतरी शेजारच्या गल्लीतून तुझी थट्टा केली असेल."

"मग तुम्हीच करून दाखवा ना, दाजी. तुमचा तो जपानी रेडिओ संच नुसता पुसायलाच ठेवलाय."

हे लागलं. पुढच्याच रविवारी क्लिफर्डने टोपी डोळ्यांवर ओढून, कुणी ओळखीचं दिसत नाही ना बघत, एक डबा विकत घेतला. टेबलावर जुना नि नवा क्रिस्टल शेजारीशेजारी ठेवून तो डाख लावायला बसला, तेवढ्यात दारात खिडक्या पुसणारा आला. क्लिफर्ड उठून गेला आणि काचेवर राहिलेल्या ओघळांबद्दल त्याला चांगलं खडसावून परत आला. मग मोठ्या तोऱ्यात समोरचा क्रिस्टल उचलून बसवून टाकला.

"डेन्झिलकडे ते लहरी मोजायचं यंत्र आहे, त्यावर एकदा बघून घे," म्युरियल म्हणाली.

"माझं काम पाववाल्याकडून तपासून घेऊ?"

त्याने माईक धरला आणि आपलं परवान्यावरचं अक्षरं-आकड्यांचं चिन्ह भारदस्त आवाजात तीनदा उच्चारलं. लगेच उत्तर आलं.

"बोल राजा! मी लोणच्याची बरणी. तुझं नाव काय म्हणालास? कपाटाच्या कुलपाचा नंबर सांगितल्यासारखं वाटलं."

क्लिफर्डचं रक्त उसळलं. "बाई, हा परवानाधारकांचा पट्टा आहे! तुम्ही इथे घुसलात कशा?"

"घुसले? अरे, सात वर्षं इथेच बसलेय मी. तूच नवा दिसतोस. जेवलास का?"

"मी तुमची तक्रार करीन!"

"कर की. पण आधी जेवून घे, बिचाऱ्या. आवाज फार आंबलाय तुझा."

त्याने बटण फाडकन बंद केलं, पण मनातून तो खुश होता. इतक्या वर्षांनी नापास करायला खरा गुन्हेगार सापडला होता.

क्लबच्या बैठकीत तो उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. शिस्त रसातळाला गेली, दारं सताड उघडी पडली, आता सीबीवाल्या बायका आपल्या पट्ट्यात लोणची घालताहेत. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. बाकी कुणालाच ती बाई ऐकू आली नव्हती.

"तुमच्या कानांचा दोष," क्लिफर्ड म्हणाला, आणि पुराव्यादाखल आणलेला डबा त्याने टेबलावर ठेवला.

डेन्झिलने आपलं लहरी मोजायचं यंत्र त्याला जोडलं. "दाजी, बटण दाबा."

क्लिफर्डने दाबलं. आकड्यांवर वाकलेल्या डेन्झिलचे खांदे हलू लागले.

"दाजी, हे सत्तावीस मेगाहर्ट्झ आहे. हा सीबीचाच पट्टा. तुम्ही जुनाच क्रिस्टल परत बसवलात." त्याने डोळे पुसले. "ती बाई तिच्या घरात बसली होती हो. घुसखोर तुम्ही!"

हशा इतका उसळला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू ठोकला. क्लिफर्डने एकेकाकडे बघितलं. त्यातल्या तिघांना त्याने वळणावर आरसा न बघितल्याबद्दल नापास केलं होतं. तेच सगळ्यांत मोठ्यांदा हसत होते. कान लाल झालेले, तरी तो म्हणाला, "यंत्र बिघडलंय," आणि टोपी घालून निघून गेला. डबा तिथेच राहिला. तो म्युरियलनेच जाऊन आणला.

घरी तिने त्याच्यापुढे जेवण ठेवलं. हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि मटार वाढेपर्यंत तिला ते जमलंही. त्याने काटा खाली ठेवला. "एवढं काय आहे हसण्यासारखं?" त्याने विचारलं, आणि क्षणभर त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला वाटला. तिने उत्तर द्यायच्या आत तो म्हणाला, "मटार कच्चे आहेत."

त्याने क्लब सोडला. कारण विचारणाऱ्याला तो सांगे, तिथला दर्जा घसरला. वसंतात तो हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मंडळात गेला. तिथे पहिला चेंडू टाकायच्या आधीच त्याने गवत कसं कापायला हवं ते सगळ्यांना समजावून सांगितलं.