शारजात भरलेली ओटी

ती बाई जिवंत आहे की गेली, मला ठाऊक नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी दुपारी भांडी घासताना ती स्वयंपाकघरात येऊन बसते. पदर पसरलेला असतो. मी भांडी घासत राहते.

शारजात आम्ही राहायचो ती चार मजली इमारत पाडून मालकाला तिथे टॉवर बांधायचा होता. काम माझ्या नवऱ्याच्या कंपनीला मिळालं, आणि तो त्यावर सुपरवायझर. मालक, कन्सल्टंट, बलदियाचे साहेब म्हणजे तिथले नगरपालिकेवाले, सगळ्यांची मर्जी सांभाळून तो पिचला होता. भाडेकरू मात्र हलत नव्हते.

जेवताना म्हणाला, "पुरुषांशी बोलून झालं. बायकांना आता तू सांभाळ."

"काय सांगू त्यांना?"

"नवीन इमारतीत पहिला हक्क तुमचा, असं सांग."

"मालक लिहून देणार?"

"तोंडी म्हणालाय. इन्शाल्ला."

"म्हणजे हो का?"

त्याने आमटी वाढून घेतली.

मी घरोघर गेले. चहा प्यायले, सांगायचं ते सांगितलं. केरळची बाई तयार झाली, मग कराचीची, मग आपल्याकडच्या दोघी. तिसऱ्या मजल्यावरची मालवणची मावशी तेवढी राहिली. तिच्या नवऱ्याचं खाली शिवणकामाचं दुकान होतं, वीस वर्षांचं. त्या दुकानाच्या परवान्यावरच दोघांचा व्हिसा. गिऱ्हाईक त्या दारावर यायचं, दुसरीकडे कोण शोधत जाणार? माझ्या मुलीचे सगळे फ्रॉक त्यानेच शिवलेले.

त्याच आठवड्यात नवऱ्याने नवे नकाशे घरी आणून टेबलावर पसरले. मी चौथी शिकलेली. पण नकाशावरचे चार गोल म्हणजे शेगडी, हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. कागद उलटत गेले. वरच्या मजल्यांवर शेगड्या होत्या, मोठमोठ्या, महागड्या फ्लॅटांत. खालच्या चार मजल्यांवर एकही नाही. तळाला दुकानं नव्हती, एकच लांबलचक खोली.

"खालच्या लोकांनी जेवण कुठे करायचं?" मी विचारलं.

"ऑफिसं आहेत ती. तळाला गाड्यांचं शोरूम. मालकाने बदललं."

"मग ही माणसं?"

"तू तुझं काम कर. खलास."

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. मला सगळं माहीत होतं आणि तरी गेले.

"खरां सांग गो," ती म्हणाली, "माका परत हय येवक गावतला?"

"हो," मी म्हटलं. "येशील की."

तिने कागद मागितला नाही. म्हणाली, "मगे माझी ओटी भर. लेकीक धाडताना भरतत तशी."

लेकीची ओटी भरून पाठवायची ती परत येण्यासाठीच. मी घरी जाऊन तांदूळ, नारळ, खण घेऊन आले. तिने पदर पसरला. मी ओंजळीने तांदूळ घातले. एखादा दाणा बाहेर सांडला असता तरी मला आज बरं वाटलं असतं. एकही सांडला नाही. कुंकूसुद्धा सरळ लागलं.

व्हिसाची अजून दोनेक वर्षं होती, तोवर ती दोघं शेजारच्या अजमानला कुणाच्या तरी खोलीत अर्ध्या भाड्याने राहायला गेली. इमारत महिनाभरात जमीनदोस्त झाली.

दोन वर्षांनी टॉवर उभा राहिला. कंपनीने नवऱ्याला सहाव्या मजल्यावर फ्लॅट दिला. दुपारी त्या घरात शिवणयंत्र चालल्यासारखा आवाज यायचा. नवरा म्हणाला एसी आहे. माणूस येऊन एसी दुरुस्त करून गेला. आवाज राहिला.

एकदा मुलगी खिडकीतून खाली बघत म्हणाली, "आई, मावशी इज डाउनस्टेअर्स."

मी वाकून पाहिलं. तिचा नवरा शोरूमच्या काचेसमोर चालत होता, दोन पावलं पुढे, दोन मागे. आपल्या दुकानाचं दार कुठे होतं ते मोजत असावा. मावशी वॉचमनला वर बोट दाखवत होती. पायाशी बॅग होती.

थोड्या वेळाने बेल वाजली. वॉचमन होता. "नीचे एक अम्मा है. बोलती है, आपने बुलाया है."

"मैं नहीं जानती," मी म्हटलं.

तो गेला. मुलगी माझ्याकडे बघत होती. "बट यू नो हर, आई."

"अभ्यासाला बस."

तिला बसवलं आणि खिडकीचा पडदा ओढला. मावशी किती वेळ थांबली, कुठल्या बाजूला गेली, मी पाहिलं नाही.