कीबोर्डातली अक्षता

झेंडूचा वास आला की ती खंडेनवमी आठवते. सकाळी पत्नीने विळा-खुरप्यांसोबत आमच्या जुन्या संगणकाचीही पूजा केली. संध्याकाळी लेक त्यावर व्हिडिओ कॉल करून नवजात नातू दाखवणार होती. संगणक मात्र सुरू न होता नुसताच पीं-पीं ओरडू लागला. दोष मेमरीचा, असे ठरवून मी पेटी उघडली आणि रॅम खोडरबराने घासली. आवाज कायम. "अवं, आटपा की, लेकरू निजंल तिकडं!" असे म्हणत पत्नीने पाकळ्या झाडायला कीबोर्ड सुपासारखा पाखडला. फटीत रुतून एक बटण दाबून धरणारा अक्षतेचा दाणा खाली पडला आणि संगणक निमूट सुरू झाला. लेकीने विचारले, "बाबा कुठंत?" पत्नी म्हणाली, "टेबलाखाली. पेटीचे स्क्रू हुडकायलेत." हल्ली पूजा होईपर्यंत कीबोर्ड मी मांडीवर घेऊन बसतो.