खाला आणि विहिरीचं पुस्तक

आमची खाला, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, पुस्तक हसत द्यायची आणि परत घेताना भांडायची. भांडल्याशिवाय ती पुस्तक परत घेतच नसे. तुम्ही ते टेबलावर ठेवलं की चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "कसं होतं?" आवडलं, एवढं म्हणून सुटका नव्हती. "आवडलं? मला भजी पण आवडतात. काय आवडलं ते बोला." तुम्ही काही बोललात की ती हटकून उलटी बाजू घ्यायची. चांगलं म्हणालात तर बकवास म्हणायची, बकवास म्हणालात तर त्याच पुस्तकाची वकील होऊन उभी राहायची. भांडण चांगलं रंगलं की मग स्टोव्ह पेटायचा. मत नाही त्याला चहा नाही, असा तिचा कायदा होता.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे मी लपवत नाही आणि त्याची लाजही बाळगत नाही. पण खालाच्या खोलीत माझा चहा कधी चुकला नाही. मत माझ्याकडे कायम तयार असतं. कधी कधी तर पुस्तक ऐकायच्या आधीच असायचं. खाला म्हणायची, "जॉबर, तुमचं डोकं म्हणजे बंद लूम. धागा कुठे अडकलाय ते दिसतं, पण हात घालायची सोय नाही." मी म्हणायचो, "हात घालूच नका. आमचा माल डॅमेज निघत न्हाय."

जॉबर म्हणजे लूम, यंत्रमाग, बिघडला की तो सुरू करून देणारा. भिवंडीच्या निजामपुऱ्यात तिच्या नवऱ्याचे लूम होते, तिथे मी जन्म काढला. नवरा गेला, धंदा बसला, लूम भंगारात गेले आणि शेड तिच्या धाकट्या दिराकडे आली. त्याला सगळे सेठ म्हणतात. पुढची खोली त्याने भावजयीला तोंडी देऊन टाकली. तिने तिथे दोन कपाटं उभी केली, त्यात मराठी, उर्दू, हिंदी पुस्तकं भरली आणि दार उघडून बसली. कुणी मुंबईला निघालं की त्याला सांगायची, "येताना पुस्तक आण." कल्याणची मिठाई आणून दिली तर तोंड वाकडं करायची.

शुक्रवारी गावातले सगळे लूम बंद. त्या दिवशी दुपारी खोलीत मोठ्याने वाचन व्हायचं, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना चष्मा लागला होता. वाचायची माझी नात प्रज्ञा. तेव्हा ती सातवीत होती आणि आवाज खणखणीत. ऐकायला आम्ही जुने लूमवाले, त्यांची पोरं आणि मोबीन. मोबीन यूपीचा कारीगर. तो मराठी बोलत नसे, पण समजायचं त्याला सगळं. हवं तेव्हा नाही समजायचं.

अशा एका शुक्रवारी ते विहिरीचं पुस्तक आलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही विहिरीचंच म्हणायचो. मुलांसाठी लिहिलेलं होतं आणि भिवंडीतल्या शाळाशाळांतून पोरं ते एकमेकांच्या हातातून ओढून वाचत होती. गोष्ट अशी, की एका मुलीचा मोठा भाऊ गावच्या विहिरीत बुडतो. पुढे ती मुलगी त्याच विहिरीत उतरते, तर तळाशी एक अख्खं गाव. बुडालेली माणसं तिथे सुखाने राहतात, मासे गाड्या ओढतात. भावाचं बाजारात पतंगाचं दुकान आहे आणि ते पतंग पाण्यात उडतात. भाऊ-बहीण भेटतात, हुंदडतात, एका मगरीला हरवतात. आणि शेवटी ती मुलगी भावाचा हात सोडून एकटी वर येते. घरी जाते. संपलं.

प्रज्ञाने पुस्तक मिटलं तेव्हा ती रडत होती. मला राग आला होता. मी म्हटलं, "ही कसली बहीण? भाऊ सापडला, हात हातात होता, आणि सोडून आली?"

"आजोबा, वर आई होती ना तिची."

"आई हाय तर तिला पण खाली न्यायची!"

मोबीन उसळला. "ऐसे कैसे, जॉबर? घर तो आना पड़ता है. हम मुलुक जाते हैं, अम्मा को छोड़के फिर आते हैं कि नहीं?"

"तू पगारासाठी येतो. तिला कोण पगार देत होतं?"

खोली मधोमध फाटली. निम्मे माझ्या बाजूने, निम्मे मोबीनच्या. खाला कधी या बाजूने बोलायची, कधी त्या, आणि विझत आलेल्या भांडणात पुन्हा तेल ओतायची. तिचं स्वतःचं काय म्हणणं होतं ते मात्र तिने कुणाला कळू दिलं नाही.

तिसरी बाजू दाराबाहेर तयार झाली. आमच्या बुद्धविहाराचे सेक्रेटरी म्हणाले, मेलेली माणसं भेटतात असं पोरांना वाचून दाखवता, ही अंधश्रद्धा आहे. गल्लीतल्या दोन-तीन मुसलमान आईबापांनी सांगितलं, जादूटोण्याच्या गोष्टी आमच्यात चालत नाहीत. हे लोक एरवी एकमेकांना रस्त्यात ओळख देत नसत. खाला म्हणाली, "बघा, हेच पुस्तकाचं मोठेपण. न वाचताच यांची एकी झाली."

एवढ्यावर थांबलं असतं. पण आम्ही लूमवाले. जन्मभर कानाशी खटखट ऐकलेली माणसं. आमचं कुजबुजणंसुद्धा दुसऱ्याला ओरडणं वाटतं, मग आमचं भांडण कसं असेल ते समजून घ्या. पुढच्या शुक्रवारी मी आणि मोबीन समोरासमोर उभे राहून बोलत होतो. मी म्हणत होतो, "सोडलंच कसं तिने त्याला?" तो म्हणत होता, "वह मर चुका था, मर चुका!" गल्लीत हे ऐकू गेलं. आमच्या गावाने दंगली बघितल्यात; मोठा आवाज झाला की लोक आधी शटर खाली ओढतात आणि कारण मग विचारतात. एक शटर पडलं, ते ऐकून दुसरं पडलं, आणि बघता बघता सगळी गल्ली बंद. आम्हाला पत्ताच नाही. आम्ही भांडतोय.

पोलीस आला तेव्हा कळलं. दारात एक हवालदार, मागे गर्दी. "काय प्रकार आहे? कोण मेलंय?"

खाला शांतपणे म्हणाली, "साहेब, बसा. एक मुलगी विहिरीत उतरलीय."

त्याने झटकन मोबाईल काढला. "कुठे? कुठली विहीर?"

"साहब, किताब में," मोबीन म्हणाला.

हवालदार भला माणूस. आधी चिडला, मग बसला, मग त्याने सगळी गोष्ट ऐकली. टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "वर आली ते बरं केलं. एकाच विहिरीत दोन केस म्हणजे आम्हाला ताप." खालाने त्याला चहा दिला. मत दिलं होतं त्याने.

हसण्यावारी गेलं असं आम्हाला वाटलं. सेठ दुसऱ्याच दिवशी आला. त्याला तक्रारी आधीच पोचल्या होत्या, आता पोलीसही येऊन गेले. तो तिच्यासमोर बसला नाही, उभाच राहिला. "भाभी, एक किताब ही तो है. हटा दो. कमरा आपका है, जब तक आप हैं. किताब रहेगी तो मैं कमरा नहीं दे सकता. शुक्रवार तक सोच लो."

"एकच आहे ना? मग राहू दे," खाला म्हणाली.

त्या आठवड्यात मी तिला समजवायला गेलो. माझ्या मनात पुस्तकाबद्दल प्रेम नव्हतं, आजही नाही. पण खोली जाणार म्हणजे खाला जाणार, हे मला दिसत होतं. तिचा मुलगा कशेळीला नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन तिला बोलवतच होता, ती या खोलीसाठी अडून होती. मी म्हटलं, "खाला, पुस्तक माझ्याकडे द्या. घरी ट्रंकेत ठेवतो. सेठचं समाधान होईल आणि खोली वाचेल."

तिने हातातली बशी खाली ठेवली. "ट्रंकेत मी माझं कफन ठेवलंय, जॉबर. पुस्तक कपाटात राहील."

शुक्रवारी सेठ आला. आम्ही सगळे होतो. त्याला माझी मतं माहीत होती, सगळ्या गल्लीला माहीत होती. त्याने मलाच पुढे ओढलं. "जॉबर, आप बताओ. किताब खराब है ना?"

"खराबच हाय," मी म्हटलं.

"सुना, भाभी?"

"थांब सेठ, माझं झालं न्हाय. पुस्तक चुकलंय. पण ते चुकलंय असं मी कुणाला सांगू, ते कपाटातच नसलं तर? ते ठेवायचं. रोज ठेवायचं आणि रोज मी त्याला शिव्या घालणार."

मोबीनने माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी काही त्याच्या बाजूने बोललो नव्हतो.

खाला दिराकडे बघत होती. "लहानपणी तू जेवत नव्हतास. मी तुला जिनांच्या, पऱ्यांच्या गोष्टी सांगून घास भरवायचे. तेव्हा नाही कुणी तक्रार केली?"

सेठची मान खाली गेली. पण तो म्हणाला, "भाभी, लोग बोलते हैं."

"लोकांनी बोलावं म्हणूनच तर ही खोली उघडली," ती म्हणाली आणि कमरेला खोचलेली चावी काढून तिने त्याच्या हातात दिली. आवाज चढवला नाही. स्टोव्ह तिने स्वतः उचलला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

कपाटं माझ्या घरी आली. माझं घर भिवंडीबाहेर, पूर्ण्याला. चारी बाजूंनी गोडाऊन उठली आहेत, मधे माझं घर तसंच आहे, मी विकत नाही. पुढच्या खोलीत कपाटं लावली. खाला कशेळीला राहायला गेली आणि शुक्रवारी रिक्षाने यायची. ट्रेलरच्या रांगेत अडकून घामाघूम व्हायची आणि दारातूनच विचारायची, "कोण आलं? काय म्हणालं?" निजामपुऱ्याची जुनी माणसं कमी झाली, मोबीन तेवढा नेमाने येत राहिला. नव्या आल्या त्या गोडाऊनमधल्या मुली, ड्युटी सुटल्यावर. त्यांतली एक चपला-बुटांचं पॅकिंग करायची. विहिरीचं पुस्तक परत देताना ती म्हणाली, "मासे गाडी ओढतात ते खरं वाटलं. पण ती वर आल्यावर आई तिला मारत न्हाय, ते खोटं वाटलं." खाला इतकी खूश झाली, की तिच्याशी भांडायचं विसरली. असं मी एकदाच बघितलं.

मग खालाचं येणं थांबलं. मी कशेळीला गेलो तेव्हा ती खिडकीजवळ पलंगावर होती. खाली खाडी, पुलावर गाड्यांची रांग. छाती भरलेली, बोलताना धाप लागायची. मी म्हटलं, "खाला, आता तरी सांगा. मुलीने वर यायला हवं होतं का न्हाय?"

"मी सांगितलं तर तुम्ही गप्प बसाल."

"मी? मी मुळीच गप्प बसणार न्हाय."

ती हसली, हसताना खोकली, सुनेने पाणी दिलं. श्वास सावरल्यावर म्हणाली, "मग सांगून फायदा काय?"

त्यानंतर भेट झाली नाही.

तिला निजामपुऱ्याच्या कब्रस्तानात आणलं, नवऱ्याजवळ. मी खांदा दिला, कुणी मला अडवलं नाही. सेठ रडत होता, लहान मुलासारखा, नाक पुसायचंही भान नव्हतं. मी इतरांसारखीच तीन मुठी माती टाकली. दुआ झाली आणि लोक निघाले. मी तिथेच कडेला कठड्यावर बसलो.

मोबीन नळावर हात धुऊन आला.  मग त्याच्या त्या लूमच्या आवाजात म्हणाला, "जॉबर, उस लड़की ने ठीक किया."

निघालेले लोक मागे वळून बघायला लागले. मी म्हटलं, तेवढ्याच मोठ्याने, "न्हाय केलं!"

"क्या करती फिर? वहीं बैठी रहती?"

"बसायचं! एवढी घाई काय होती तिला?"

"बैठके क्या होता, जॉबर?"

 मी म्हटलं, "तू जा." तो गेला नाही, शेजारी बसला. सेठ फाटकापर्यंत गेला होता, तो परत आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणून सांगायला आलाय. त्याने विचारलं, "उस का भाई... उस ने रोका नहीं उसे?"

"न्हाय," मी म्हटलं. "त्यानेच पाठवलं तिला. अंधार व्हायच्या आत जा म्हणाला."

 सेठ ओल्या मातीकडे बघत राहिला. ऊन उतरलं होतं. कब्रस्तानचा माणूस फाटकाशी किल्ल्या घेऊन उभा होता, आम्हाला हाक मारायचा त्याला संकोच वाटत होता. मोबीनने हात पुढे केला, मी तो धरला आणि उठलो. तिघं फाटकाबाहेर आलो. घरी आलो.

आलो म्हणून मी मान्य केलं असं कुणी समजू नये. पुस्तक चुकलंच आहे.