उंबऱ्याहून उंच रस्ता

रोज सकाळी चूळ भरून झाली की मुकादम तांब्यातलं उरलेलं पाणी समोरच्या रस्त्यावर ओतायचे आणि कंबरेवर हात ठेवून ते कुठे वळतं ते बघत राहायचे. पाणी मधून कडेला सरकलं की समाधानाने मान हलवायचे.

"झाली का तपासणी, साहेब?" बायको आतून विचारायची.

रस्ता मुळात नुसती गाडीवाट. मुकादम ऐन तरुण असताना तिच्यावर खडी पडली, मग डांबर. पुढे दर काही वर्षांनी खड्डे बुजवून वरून नवा थर. प्रत्येक थर त्यांनी उन्हात उभं राहून दाबून घेतला. रस्ता चढत गेला, कडेचं त्यांचं घर होतं तिथेच राहिलं. लग्न होऊन आली तेव्हा बायको पायऱ्या चढून घरात शिरली होती. आता ती रस्त्यावरून घरात उतरायची.

"लोक घर बांधतात," मुकादम स्वतःच सांगत सुटायचे, "मी पगार घेऊन घर पुरलं."

यंदा पुन्हा थर पडणार होता. आता पाणी थेट उंबरा ओलांडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. समोरच्या शिंप्याचं घरही तितकंच खाली.

"अहो, सगळा उतार पलीकडे द्या ना. कोणाला कळणार आहे?"

"शिंप्याला कळेल. पाण्यात पाय बुडवून मशीन चालवताना."

"आणि मी पाण्यात उभी राहून स्वयंपाक करू?"

"ओट्यावर चढून कर. तेवढीच उंची वाढेल."

ती हसली नाही.

काम घरासमोर आलं तेव्हा डांबर पसरणाऱ्याने विचारलं, "मुकादम, उतार कुठे?" बायको दारातच उभी होती.

"दोन्हीकडे सारखा," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

बायकोने अबोला धरला. भरपाई म्हणून मुकादमांनी स्वतः विटा रचून उंबरा उंच केला, तोही वाकडा. पुढच्या मोठ्या सरीत एका बाजूने पाणी आत आलं आणि उंबऱ्यामुळे बाहेर जाईना. नवराबायको डबड्यांनी पाणी उपसत होती, समोर शिंपीही.

"मुकादम, तुमच्याकडे किती?"

"घोट्यापर्यंत."

"इकडेही तेवढंच."

बायकोने डबडं खाली ठेवलं आणि खुदकन हसली. "वाटणी मात्र चोख केलीत हो."

त्याच पावसाळ्यात एका दुपारी मुकादम जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डोळा लागण्याआधी बायकोला म्हणाले होते, "आभाळ भरलंय. चपला वर ठेव, नाहीतर मला शिंप्याच्या दारातून आणाव्या लागतील."